अप्पा बसल्यात

दसऱ्याच्या आधीचे दिवस. शिवरंजनी त्या शनिवारी धाराशिवहून माहेरी, नळदुर्गला आली ती कागदपत्रं जमवायला. दिवाळीच्या आत आईला घेऊन तिला नेपाळला जायचं होतं, पशुपतिनाथाच्या दर्शनाला. रेल्वेनं नाही, विमानानं नाही, घरच्या जीपनं. नागपूर, जबलपूर, गोरखपूर करत सोनौलीचा नाका ओलांडायचा आणि गाडी तशीच पुढं काठमांडूपर्यंत न्यायची.

ऐकेल तो वेड्यात काढायचा. तिचा नवरा सिद्धलिंग बँकेत होता, त्याला रजा मिळत नव्हती. त्यानंही आधी नको म्हणून पाहिलं. पण सोलापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्या दिवशी प्रेमाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, जे मागितलं होतं ते त्यानंही ऐकलं होतं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. बाजूचं दिसणं केव्हाच गेलेलं, आता नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. गेलेली नजर परत येत नसते, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन चहा झाला, कपबशा धुवून झाल्या, मग पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "दिसतंय तवर पशुपतीला नेतीस का मला? अप्पांच्या गाडीनं?"

शिवरंजनी हो म्हणाली.

अप्पा म्हणजे शिवरंजनीचे वडील, ईरण्णा. नळदुर्गच्या बाजारात त्यांची आडत होती. ताडमाड उंच, बोलणं कमी, घरात कानडी आणि दुकानात मराठी. खिशात कायम लवंगा. त्यांच्या अंगाला बारदानाचा आणि लवंगेचा मिळून एक वास यायचा. ते आंघोळ करून आले तरी तो जायचा नाही. त्यांची हौस एकच होती. आपल्या गाडीनं, आपल्या हातानं चालवत दुसऱ्या देशात शिरायचं. एक कमान असते म्हणे, ते सांगायचे, अलीकडं आपला मुलूख, पलीकडं त्यांचा, आणि रस्ता मात्र तोच.

त्याच प्रवासासाठी गाडीला नवे टायर घालायला ते दीड वर्षामागं तुळजापूरला गेले होते. टायर घालून परत येताना नळदुर्गच्या रस्त्यावर एका उतारावर त्यांच्या छातीत कळ आली असावी. त्यांनी गाडी व्यवस्थित कडेला घेतली. सिग्नलचा दिवा लावला. हॅंडब्रेक ओढला. आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या जागी गेले. दुपार टळेपर्यंत शेजारून वाहनं जात राहिली. माणूस दमून थांबला असेल, असंच सगळ्यांना वाटलं.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवूनच समाधी दिली, स्वतःच्या शेतात, विहिरीजवळ. बसल्या जागी गेलेला माणूस बसलेलाच मातीआड झाला. जीप घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली आणि तिथंच उभी राहिली.

आता कागदांचं असं होतं, की माणसांची काही अडचण नव्हती. नेपाळला पासपोर्टवाचून जाता येतं. शिवरंजनीचं आणि हरिबामामांचं मतदानकार्ड होतं, प्रेमाबाईंचं वय पासष्टच्या पुढं असल्यानं त्यांना आधारकार्ड चालत होतं. हरिबामामा म्हणजे हायवेवरच्या गॅरेजचे हरिबा, अप्पांचे जुने दोस्त; दुसरा चालवणारा हवा म्हणून ते येणार होते. विमा भरून झाला, धुराची तपासणी व्हायची होती. अडचण होती ती गाडीची. सीमेवर भन्सार म्हणून परवाना काढावा लागतो, तो गाडीच्या आरसी बुकावर. मालक गाडीत नसेल तर त्याचं संमतिपत्र लागतं. आणि आरसीवर नाव होतं अप्पांचं.

म्हणजे नाव बदलणं आलं. वारस म्हणून आईची सही आली. शिवरंजनीनं अर्ज पुढं ठेवला, पेन दिलं. प्रेमाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला, नवऱ्याच्या नावावरून अंगठा फिरवला आणि कागद परत दिला.

"गाडी त्यांची हाय," त्या म्हणाल्या. "नाव कशाला काढायचं?"

शिवरंजनीनं समजावलं, चिडून पाहिलं, गप्प बसूनही पाहिलं. आई काही बधली नाही.

*

इकडं हरिबामामांनी गाडी काढायला घेतली होती. बॅटरी नवी घातली, तेल बदललं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बांधल्या. पहिल्यांदा इंजिन लागलं तेव्हा शेडभर धूर झाला आणि प्रेमाबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. धूर विरेपर्यंत त्या तिथंच होत्या.

शिवरंजनी आईच्या बांध्याची, बुटकी. अप्पा चालवायचे तेव्हा सीट पार मागं असायची. तिला ती अगदी पुढं ओढावी लागे, तेव्हा कुठं तिचा पाय क्लचला पुरायचा. त्या दिवशी तिनं सीट पुढं ओढली, गाडी गल्लीतून फिरवून आणली आणि शेडमध्ये लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसायला गेली तर सीट मागं गेलेली. हरिबामामांनी काम करताना सरकवली असेल, असं म्हणून तिनं परत ओढली. दुपारी पाहिलं तर पुन्हा मागं. तिनं सहज विचारलं, तेव्हा मामा स्क्रूड्रायव्हर पुसत म्हणाले, "मला वाटलं तुम्हीच सारलीया. म्या हात न्हाय लावला."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि विषय सोडला. पट्टीची खाच झिजली असणार, हे मामांचं म्हणणं. त्यांनी सीटखालची पट्टी काढून नवी बसवली, ग्रीस भरलं, चार वेळा हिसके देऊन पाहिले. सीट जागची हलेना. शेडला कुलूप लावून किल्ली शिवरंजनीनं आपल्या पर्समध्ये टाकली.

सकाळी सीट मागं होती. पार मागं, शेवटच्या खाचेत.

तिला भीती वाटली नाही असं नाही. पण दिवसाउजेडीची भीती माणूस कामात घालवून टाकतो. धुराच्या तपासणीला गाडी न्यायची होती, फोटो काढायचे होते, आईची औषधं भरायची होती. ती सीट पुढं ओढायची आणि कामाला लागायची. एवढंच झालं, की गाडीत बसताना ती दार जरा वेळ उघडं धरायची. आतून वास यायचा. दीड वर्ष बंद असलेल्या गाडीला कुबट वास येतो, तसला नव्हे. बारदानाचा. आणि लवंगेचा.

पुढच्या रविवारी संध्याकाळची वीज गेली. बाहेर अजून तांबूस उजेड होता, घरात मात्र अंधारून आलेलं. शिवरंजनी स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधत होती. गल्लीतली पोरं जेवायला गेली असावीत, कारण सगळं एकदम शांत होतं, आणि त्या शांततेत तिला आईचा आवाज आला. घरामागून. अगदी हळू, कानडीत.

"ऊटा आतेन्री?"

जेवण झालं का. घरात हा प्रश्न आई एकाच माणसाला विचारायची, 'री' लावून, मान देऊन.

शिवरंजनी मागच्या दाराशी आली. शेडचं दार उघडं होतं. दुपारी तिनंच ते उघडं टाकलं असेल, तिला नीट आठवेना. जीपमध्ये डावीकडच्या सीटवर प्रेमाबाई बसल्या होत्या. मांडीवर हात, मान किंचित उजवीकडं वळलेली. शेजारी कुणी नव्हतं. स्टिअरिंग होतं, मागं सरकलेली रिकामी सीट होती, आणि तिच्या रेक्झिनला मधोमध एक खोलगट दाब पडलेला होता.

"अव्वा," शिवरंजनी म्हणाली. "अव्वा, खाली उतर."

"हळू बोल," प्रेमाबाई म्हणाल्या. "अप्पा बसल्यात."

आई शांत होती. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायची तशीच.

"तुला… दिसतात?"

"माझ्या डोळ्यांनी आता काय दिसायचंय? कळतं." प्रेमाबाई म्हणाल्या. "हरिबानं गाडी चालू केली, तवा आले. त्यांना वाटतंय, टायर घालून घरी चाललोय. घर अजून यायचंय त्यांचं."

"अव्वा…"

"त्यांना अजून कळलं न्हाय गं."

बाहेरचा उजेडही गेला. शेडचा पत्रा थंड होताना मधूनच कुरकुरत होता. प्रेमाबाईंनी चाचपडत दार उघडलं, लेकीचा हात धरून खाली उतरल्या आणि घराकडं जाता जाता म्हणाल्या, की सही त्या करतील. वाटेत बसवून ठेवणं काही बरं नव्हे. पण एक करायचं.

"त्यांना तू सांग. लेकीचं ऐकत्यात. माझ्याच्यानं सांगवत न्हाय."

*

गाडी शिवरंजनीच्या नावावर झाली. आरसी हातात पडली तो दिवस लख्ख उन्हाचा होता. ती धाराशिवच्या आरटीओ ऑफिसातून बाहेर आली आणि झाडाखाली लावलेल्या गाडीजवळ बराच वेळ उभी राहिली. नवऱ्याला फोन करून काम झाल्याचं सांगितलं. त्यानं आज धाराशिवलाच राहा म्हणून सुचवलं, कारण परत जाईतो दिवस मावळला असता. ती नको म्हणाली. आई एकटी होती.

तुळजापूर सुटलं तेव्हा सूर्य टेकला होता. रस्त्याला गर्दी नव्हती. दोन्ही बाजूंना तुरीची रानं, मधूनच ऊस. कुठं तरी पाचट पेटवलेलं, त्याचा वास येत होता. मग तो वास मागं पडला आणि गाडीत दुसरा भरला. तिनं काच खाली केली. वास गेला नाही.

समोर गतिरोधक आला. तिनं क्लच दाबायला पाय उचलला, आणि पाय टेकायच्या आधीच क्लच खाली गेला.

तिच्या पायाखाली पेडल दबलेलंच होतं. गिअर पडला, गाडी गतिरोधकावरून हळूच उतरली, पेडल आपसूक वर आलं. अलगद, झटका न देता. तिला वाटलं, आपल्यालाच भास झाला. पुढच्या वळणावर परत तेच. तिचा पाय पोचायचा तेव्हा काम झालेलं असायचं.

मग खट् असा आवाज झाला. सीट मागं सरकली. तिच्यासकट. तिचे पाय पेडलवरून सुटले आणि अधांतरी राहिले, हात ताणले जाऊन स्टिअरिंगला नुसते बोटांनी लागले. गाडी चालतच होती. ना वेग वाढला, ना दिशा चुकली. उतार सुरू झाला होता, आणि उताराच्या मध्यावर काय आहे ते तिला ठाऊक होतं. दीड वर्ष ती इथून जाताना दुसरीकडं बघत आली होती.

सिग्नलचा दिवा लागला. टिक… टिक… टिक… जीप कडेला आली, थांबली. हॅंडब्रेक वर आला. तिच्या डोळ्यांदेखत, कुणाचाही हात न लागता, दात मोजत वर आला. इंजिन बंद पडलं.

आता फक्त दिव्याची टिकटिक. शेजारून एक ट्रक गेला आणि गाडी हलली. शिवरंजनीनं पाठ टेकली, आणि तिथं तिला कळलं, की पाठीला रेक्झिन लागत नाही. काहीतरी दुसरं लागतंय. रुंद. कापडाआडचं. लहानपणी अप्पा तिला शेताच्या वाटेवर मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला द्यायचे, तेव्हा पाठीला त्यांची छाती लागायची आणि त्यांचा श्वास तिच्या केसांत यायचा. आता छाती होती. श्वास नव्हता.

तिला ओरडता आलं असतं, दार उघडून पळता आलं असतं. दोन्ही मनात येऊन गेलं. पण मांडीवरून कुणी उडी टाकतं का? ती तशीच बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं. भीतीचं होतं की कशाचं, ते तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"अप्पा," ती म्हणाली. "मला चालवता येतं आता."

टिक… टिक…

"टायर घालून झाले. गाडी घरी पोचली. तुम्ही…" तिनं स्टिअरिंगवर बोटं घट्ट केली. "तुम्ही इथंच थांबलात, अप्पा. याच जागी. आम्ही तुम्हाला शेतात बसवलंय, विहिरीजवळ. दीड वर्ष झालं."

पाठीमागची छाती हलली नाही. बाहेर रातकिडे सुरू झाले होते, ते एकाएकी थांबले.

"गाडी माझ्या नावावर केलीय. नाक्यावर लागतं म्हणून. तुमचं नाव पुसायला नव्हे. अव्वाला पशुपतीला न्यायचंय, तिची नजर चाललीय. तुम्हीपण चला. खरंच चला. पण चालवू मला द्या."

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. तुरीच्या रानावरचा शेवटचा उजेड गेला. मग तिच्या केसांत, टाळूपाशी, काहीतरी टेकल्यासारखं झालं. हनुवटी टेकावी तसं. थंडगार. क्षणभर. आणि पाठीला रेक्झिन लागलं, साधं, उन्हानं भेगाळलेलं रेक्झिन. सिग्नलची टिकटिक थांबली होती.

मागच्या सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. कुणी भारी माणूस टेकावा तशा.

शिवरंजनीनं आरशात पाहिलं नाही. सीट पुढं ओढली, हॅंडब्रेक सोडला आणि गाडी घरी आणली. सगळा रस्ता क्लच तिच्याच पायाखाली होता.

दारात प्रेमाबाई उभ्या होत्या. त्यांनी जीपच्या मागच्या दाराच्या काचेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बर्री." या.

*

प्रवास नीट झाला. दिवसा चालायचं, अंधार पडला की मुक्काम करायचा, असा नेम होता. शिवरंजनी आणि हरिबामामा आलटून पालटून चालवायचे. मामांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण मागं बसायची त्यांची पाळी आली की ते एका कडेला दाराला चिकटून बसायचे, पाय आखडून, आणि शेजारची जागा मोकळी ठेवायचे. जबलपूरच्या पुढं शिवरंजनीनं त्यांना ऐसपैस बसायला सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हितंच बरं हाय मला."

सोनौलीला ट्रकांची भलीमोठी रांग होती. धूळ, डिझेल, भजी तळल्याचा वास, रिक्षावाल्यांची हाकाहाक. शिवरंजनी खिडकीपाशी उभी राहून भन्सारचा परवाना घेऊन आली. नेपाळी पोलिसानं कागद पाहिले, गाडीत डोकावून आईला हात जोडले आणि जायची खूण केली.

कमान जवळ आली. प्रेमाबाई पुढं झुकून काचेला जवळजवळ नाक लावून बघत होत्या. जेवढं दिसत होतं तेवढं सगळं त्यांना घ्यायचं होतं. गाडी कमानीखालून गेली. रस्ता खरंच तोच होता, तेच खड्डे, तीच धूळ. आणि मागून एक उसासा आला. लांब, सावकाश. पाठीवरचं पोतं खाली ठेवल्यावर हमालानं सोडावा तसा.

शिवरंजनीनं आरशात पाहिलं. हरिबामामा दाराला चिकटून बसले होते. त्यांनी तिच्याकडं पाहून हळूच मान हलवली.

"म्या न्हाय, बाई," ते म्हणाले.

काठमांडूला पोचायला दोन दिवस गेले. पशुपतिनाथाच्या वाहनतळावर त्यांनी गाडी लावली. तिघं उतरले, मामांनी चपला काढून आत ठेवल्या, दारं लावली. निघणार, एवढ्यात मागचं डावं दार उघडलं. वाऱ्यानं उघडावं तसं नाही. आधी कडी उचलल्याचा आवाज, मग दार, पूर्ण. जीप त्या बाजूनं किंचित वर उचलली गेली. फुलं विकणारी एक बाई तिथं बसली होती, तिनं आपली टोपली उचलून वाट दिली. कुणाला, ते तिलाही उमगलं नसावं. ती इकडंतिकडं बघत राहिली.

प्रेमाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. "उतरले," त्या म्हणाल्या. ते दार लावायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आत गाभाऱ्यापुढं गर्दीत लेकीनं आईला पुढं केलं. पुजारी मूळचे कर्नाटकातले. आई नकळत कानडीत काहीतरी पुटपुटली, आणि त्या पुजाऱ्यांनी मान वर करून कानडीतच उत्तर दिलं, या आई, बघा, सावकाश बघा. प्रेमाबाई बघत राहिल्या. समया, फुलं, चांदीची दारं. लोक मागून ढकलत होते. शिवरंजनी दोन्ही हात पसरून पाठीनं गर्दी अडवून उभी राहिली, आईचं बघून होईपर्यंत.

परत गाडीत बसले तेव्हा आत नुसता संत्र्यांचा वास होता. वाटेत घेतली होती, ती. बारदानाचा नाही, लवंगेचा नाही. शिवरंजनीला रडू आलं, तेव्हा आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. अप्पा पोचले, आई म्हणाली, आता रडायचं नाही. परतीच्या रस्त्याला हरिबामामा पाय पसरून झोपले आणि गोरखपूरपर्यंत घोरत आले.

नळदुर्गला आल्यावर दिवाळी झाली. आईची नजर उतरतच गेली, पण ती त्याबद्दल कुरकुरली नाही. तिला जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. शिवरंजनी शनिवार-रविवारी येत राहिली. गाडी शेडमध्येच असायची, धुऊन पुसून ठेवलेली. घरात एक प्रकारचा निवांतपणा आला होता. अप्पांच्या आठवणीनं आता कुणाचा घास अडकायचा नाही. उलट जेवताना त्यांच्याच गोष्टी निघायच्या.

पौष महिन्यातल्या एका संध्याकाळी शिवरंजनी बसस्टॅंडवरून घरी आली. पुढं आई नव्हती. मागचं दार उघडं होतं. प्रेमाबाई शेडमध्ये जीपपाशी उभ्या होत्या, मागच्या काचेला कान लावून. शिवरंजनीला वाटलं, एकटं वाटलं असेल, आल्या असतील. ती हाक मारणार होती.

प्रेमाबाई बोलल्या. कानडीत नाही. मराठीतही नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत, परक्या पाहुण्याशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून.

"बाई… तुमारा गाव… किधर है?"

मग त्या थांबल्या. उत्तर ऐकताना माणूस थांबतो, तेवढ्या थांबल्या. हळूच मान डोलावली. लेकीची चाहूल लागली तेव्हा त्यांनी तिच्याकडं चेहरा वळवला. त्या चेहऱ्यावर काळजी होती, दुसऱ्याच्या दुःखाची असते तशी.

"तिकडनं बसून आलीया कुणी, रडतीया गं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "कवाधरनं सांगतीया काहीतरी… मला तिची भाषा कळंना."